वाचनाचे ओझे आणि यंत्राचा गोषवारा

इ. स. १८९६ च्या नोव्हेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड या लहानशा गावी वैद्यकी करणाऱ्या प्रिंगल मॉर्गन यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चुणचुणीत होता, खेळात बरोबरीच्या मुलांना हार जाणारा नव्हता, आणि ७४९ ला ८६७ ने गुणण्याचे उदाहरण त्याने झटपट व बिनचूक सोडवून दाखविले होते. परंतु वयाच्या सातव्या वर्षापासून शाळा आणि खासगी शिकवण्या होऊनही एकेका शब्दावयवाचे साधे शब्दच तेवढे तो कष्टाने लावू शके, आणि ‘पर्सी’ हे स्वतःचे नाव लिहितानासुद्धा त्यातील अक्षरांची अदलाबदल करी. त्याला शिकविणाऱ्या मास्तरांचे म्हणणे असे होते की, सारे शिक्षण तोंडी असते तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. मॉर्गन यांनी या अवस्थेस जन्मजात शब्दांधत्व म्हटले आणि तिचे मूळ दृष्टीच्या स्मृतीत शोधले. ते मूळ बहुतांशी ध्वनीत, म्हणजे लिहिलेल्या अक्षराची बोललेल्या ध्वनीशी सांगड घालण्याच्या क्रियेत आहे, असे पुढील संशोधनाने दाखविले, आणि ‘डिस्लेक्सिया’ हे नाव रूढ झाले. वैद्याचे निदान अशा रीतीने मागे पडले. मास्तरांचे मात्र अजून खरे आहे. बुद्धी शाबूत असून केवळ मजकूर तिच्यापर्यंत पोचत नाही, हे त्यांनी कोणत्याही शास्त्राची मदत न घेता ओळखले होते.

सारे शिक्षण तोंडी करण्याची ती अट पुरी होण्यास ऐंशी वर्षे लागली. १९७६ च्या जानेवारीत रेमंड कुर्झवाइल या अमेरिकन अभियंत्याने एक वाचनयंत्र जगापुढे मांडले. कोणत्याही सामान्य छापाचा मजकूर काचेवर ठेवावा, यंत्राने अक्षरे ओळखावी आणि कृत्रिम आवाजात वाचून दाखवावी, अशी त्याची योजना होती. ते अंधांसाठी केलेले होते, आकाराने अवजड होते आणि किमतीने सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांत स्टीव्ही वंडर हे अंध संगीतकार होते. परंतु ज्याला दिसते पण वाचता येत नाही, अशा विद्यार्थ्यासही तेच यंत्र उपयोगी आहे, हे ध्यानात येण्यास फार काळ लागला नाही, आणि याच घराण्यातील पुढील आज्ञावल्या अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळांत शिरल्या. ऐकून वाचण्याचा लाभ किती, याचा हिशेबही झालेला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या साधनांमुळे वाचन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांच्या आकलनात होणाऱ्या सुधारणेचे संख्याशास्त्रीय परिमाण ०.३५ इतके आढळले. हा चमत्कार नव्हे, माफक पण खरा लाभ आहे; आणि या क्षेत्रात चमत्काराच्या जाहिराती इतक्या आहेत की माफक आणि खऱ्या लाभाची कदर करण्याची सवय प्रथम लावून घेतली पाहिजे.

डिस्लेक्सियाच्या जोडीला अवधान टिकविण्याची अडचण, म्हणजे एडीएचडी, तसेच स्वमग्नता आणि लेखनातील व गणितातील विशिष्ट अक्षमता, या सर्वांना पोटात घेणारा ‘न्यूरोडायव्हर्जंट’ हा शब्द अलीकडचा आहे. मानवी मेंदूंच्या विविधतेची कल्पना ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांनी १९९८ साली आपल्या प्रबंधात मांडली, आणि त्याच सुमारास ती सार्वजनिक चर्चेत आली. व्याधी म्हणून ज्याची आजवर संभावना झाली त्याकडे भिन्नता म्हणून पाहावे, हा त्या कल्पनेचा गाभा असून त्याविषयी माझे दुमत नाही. साधनांची निवड करताना मात्र ही एक छत्री फार उपयोगी पडत नाही. ज्या विद्यार्थ्याला ओळी वाचणे जड जाते, ज्याला ओळी वाचता येतात पण तिसऱ्या परिच्छेदात मन भलतीकडे जाते, आणि ज्याला दोन्ही उत्तम साधते पण ‘साहित्याचा व्यापक आढावा घ्या’ या मार्गदर्शकांच्या सूचनेचा नेमका अर्थ काय हे उलगडत नाही, अशा तिघांचे ओझे तीन प्रकारचे आहे.

शालेय अभ्यास आणि संशोधन यांत येथेच अंतर पडते. शाळेत पुस्तक नेमलेले असते, धडा ठरलेला असतो आणि प्रश्न दुसरा कोणी विचारतो. संशोधकाने आधी दोनशे निबंधांतून कोणते वीस वाचायचे हे ठरवायचे, ते वाचताना पहिल्याचे म्हणणे अकराव्याशी जुळते की विसंगत आहे हे लक्षात ठेवायचे, आणि या सर्वांतून आपला प्रश्न घडवायचा. यासाठी जी तात्पुरती स्मृती लागते तिला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. तिचे आज प्रमाण मानले जाणारे वर्णन अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली केले. तिची धारणक्षमता सर्वांचीच तुटपुंजी असते. ज्याची निम्मी शक्ती अक्षरे लावण्यात खर्च होते, त्याच्यापाशी तुलनेसाठी उरते ती थोडकी. आणि ज्याचे अवधान वरचेवर सुटते, त्याने जमविलेले दर वेळी सांडून जाते. अशा विद्यार्थ्याच्या संगणकावर उघडून ठेवलेल्या चाळीस पानांची रांग दिसली की वडीलमंडळी त्याला अव्यवस्थित म्हणतात. वास्तविक ती रांग हीच त्याची स्मृती असते. बंद केली तर गेली.

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे जी संशोधन-साधने निघाली, त्यांतील बहुतेक या विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम केलेली नाहीत. परंतु त्यांचा उपयोग याच लोकांना अधिक झाला तर नवल नाही. सिअ‍ॅटलच्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटने २०१५ साली सुरू केलेल्या ‘सिमँटिक स्कॉलर’ या शोधयंत्राने २०२० पासून शोधनिबंधाच्या शीर्षकाखाली एका वाक्यात त्याचे सार देण्यास प्रारंभ केला. दोनशे गोषवारे वाचण्याऐवजी दोनशे वाक्ये वाचणे, हा ज्याला वाचन जड त्याच्या दृष्टीने सोयीचा नव्हे, शक्याशक्यतेचा प्रश्न आहे. ‘एलिसिट’ हे साधन निबंधांचा तक्ता करून देते: ओळीत एकेक निबंध, स्तंभात विद्यार्थ्याने विचारलेले प्रश्न, म्हणजे पद्धत कोणती, सहभागी किती, निष्कर्ष काय. ज्या तुलनेसाठी स्मृती अपुरी पडत होती ती तुलना येथे डोळ्यांसमोर मांडलेली राहते. गूगलच्या ‘नोटबुकएलएम’ला विद्यार्थ्याने स्वतः निवडलेले कागद द्यायचे असतात; ते त्यांतूनच उत्तरे काढते, आणि २०२४ च्या सप्टेंबरापासून त्याच कागदांवर दोन आवाजांतील संभाषणही ऐकवू लागले आहे. पर्सीच्या मास्तरांनी ते ऐकले असते तर त्यांना समाधान वाटले असते, असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र त्या दोन आवाजांची कृत्रिम उल्हासवृत्ती पाहता पर्सीला कितपत वाटले असते, हे सांगवत नाही.

याहून साधे, पण माझ्या मते अधिक मार्मिक साधन म्हणजे ‘गॉब्लिन टूल्स’, आणि ते मात्र न्यूरोडायव्हर्जंट लोकांनाच नजरेसमोर ठेवून केलेले आहे. ‘प्रकरण दुसरे लिहिणे’ असे एखादे काम त्यात नोंदवावे, आणि त्याने त्याचे टप्पे पाडून द्यावेत. टप्पे किती बारीक हवेत हे मिरच्यांच्या चिन्हांनी ठरवायचे असते: काम जितके झोंबणारे, तितक्या मिरच्या अधिक आणि तितके तुकडे लहान. आरंभच न होणे हा ज्याचा नित्याचा अनुभव आहे, आणि ज्याला आयुष्यभर आळशी म्हणून हिणविले गेले, त्याला ‘दुसऱ्या प्रकरणाची फाइल उघड आणि तीन उपशीर्षके लिही’ एवढी सूचना मिळणे म्हणजे काय, हे ज्याला कामास बसताच काम सुरू करता येते त्याला कळणे कठीण आहे. त्याच संचात एखाद्या पत्राचा सूर कसा आहे हे सांगणारे साधनही आहे. मार्गदर्शकांचे दोन ओळींचे उत्तर रागाचे की केवळ घाईचे, या विवंचनेत ज्याचा दिवस जातो त्याला त्याचा आधार वाटतो. यंत्राचा तर्क चुकूही शकतो. तथापि स्वतःच्याच तर्कवितर्कांत एक दिवस जाण्यापेक्षा यंत्राला विचारून पाहण्यात हानी थोडी.

आता या साधनांच्या पोटात काय चालते ते थोडक्यात पाहणे अवश्य आहे, कारण त्यांचा दोष त्यांच्या गुणाच्याच मुळाशी आहे. भाषेची ही प्रतिमाने अफाट मजकुरावरून एकच गोष्ट शिकतात: इतके शब्द येऊन गेल्यावर पुढे कोणता शब्द येणे अधिक संभवनीय. या एका कौशल्यातून त्यांना सारांश, भाषांतर, स्पष्टीकरण हे सारे साधते, याचे आश्चर्य त्यांच्या कर्त्यांनाही वाटले. परंतु संभवनीय आणि सत्य यांतील भेद त्या कौशल्यात अंतर्भूत नाही. ग्रंथकाराचे नाव, वर्ष, नियतकालिक, पृष्ठांक, हे सर्व यथायोग्य दिसणारा पण अस्तित्वात नसलेला संदर्भ ती म्हणूनच सहज रचतात. न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयात २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीकडून मिळालेले अस्तित्वात नसलेले निवाडे दाखल केले आणि त्यांना ५,००० डॉलरांचा दंड झाला. कायदा जाणणाऱ्या लोकांची ही गत.

यावर जो इलाज निघाला आहे तो असा की, यंत्राने केवळ आपल्या अंगच्या संभवावर विसंबून न राहता आधी कागदपत्रे धुंडाळावी. दिलेल्या मजकुराचे लहान खंड पाडले जातात, प्रत्येक खंडाच्या अर्थाचे आकड्यांच्या एका दीर्घ मालिकेत रूपांतर होते, विचारलेल्या प्रश्नाचेही तसेच रूपांतर होते, आणि ज्या खंडांचे आकडे प्रश्नाच्या आकड्यांच्या निकट असतील तेवढे खंड पुढे ठेवून त्यांच्या आधारे उत्तर लिहिले जाते. शब्द जुळला पाहिजे असे बंधन यात नसते, त्यामुळे विद्यार्थ्याने ‘मन लागत नाही’ असे विचारले तरी ‘अवधान-न्यूनता’ हा शब्द असलेला उतारा सापडतो. आणि वर्णलेखनात हमखास चुकणाऱ्याच्या दृष्टीने ही केवढी मुक्तता आहे हे वेगळे सांगावयास नको. या रीतीने संदर्भ बनावट असण्याची भीती पुष्कळ कमी होते. नाहीशी मात्र होत नाही: उतारा खरा असतो, पण निबंधकाराने दुसऱ्याचे मत खोडून काढण्यासाठी उद्धृत केलेले वाक्य त्याचेच मत म्हणून गोषवाऱ्यात येते, आणि ‘काही सहभागींत’, ‘या मर्यादेत’ यांसारखी पुस्ती, जिच्यात शास्त्राचा सारा प्रामाणिकपणा असतो, ती संक्षेपाच्या ओघात गळून पडते.

या ठिकाणी जो पेच उत्पन्न होतो तो मला या संपूर्ण विषयाचे मर्म वाटतो. गोषवारा तपासून घ्या, असे सर्वच विद्यापीठांचे आणि साधनांच्या कर्त्यांचेही सांगणे असते, आणि सामान्य विद्यार्थ्यापुरते ते रास्तच आहे. परंतु तपासणे म्हणजे मूळ निबंध वाचणे. आणि मूळ निबंध सहज वाचता आला असता तर या विद्यार्थ्याने गोषवाऱ्याचा आश्रय कशासाठी घेतला असता? ज्याला पडताळणी सर्वांत महाग पडते त्याच्याच माथी पडताळणीचा भार सर्वांत अधिक येतो. सबब साधन चांगले की वाईट हे त्याचा सारांश किती सुबक आहे यावरून ठरवू नये. सारांशातील प्रत्येक विधानापासून मूळ ओळीपर्यंत परत जाण्याचा मार्ग त्याने किती सुकर केला आहे, यावरून ठरवावे. नोटबुकएलएममधील उत्तरात विधानापुढे एक आकडा असतो, त्यावर बोट ठेवताच मूळ उतारा समोर येतो, आणि संगणकाच्या वाचकाकडून तेवढाच उतारा मोठ्याने वाचून घेता येतो. तीस पानांऐवजी सहा ओळी वाचावयाच्या असल्या तर डिस्लेक्सिया असलेला विद्यार्थी त्या कोणाहीइतक्या चोखंदळपणे वाचतो; कित्येकदा अधिकच, कारण फसगतीचा अनुभव त्याला लहानपणापासून आहे. ज्या साधनात हा मार्ग नाही त्याचे उत्तर कितीही ओघवते असले तरी तो पावत्या नसलेला जमाखर्च समजावा.

पडताळणीचा हाच आग्रह साधनांविषयीच्या दाव्यांनाही लावला तर काही लोकप्रिय साधनांची गरज उरत नाही. डिस्लेक्सियासाठी म्हणून बनविलेल्या खास वळणांच्या अक्षरांचा बोलबाला पुष्कळ झाला, पण त्या वळणांमुळे वाचन सुधारते याला चाचण्यांतून भरीव पाठबळ मिळालेले नाही. उलट अक्षरांतील अंतर वाढविल्याने डिस्लेक्सिया असलेल्या इटालियन आणि फ्रेंच मुलांचे वाचन सुधारल्याचे २०१२ साली दिसून आले, आणि तेवढ्यासाठी पदरचा पैसा खर्च करावा लागत नाही.

दुसरे संकट यंत्राचे नाही, यंत्राविषयीच्या संशयाचे आहे. विद्यार्थ्याचे लेखन यंत्राने केले काय, हे ओळखण्याचा दावा करणारी साधने लेखनातील शब्द किती अपेक्षित आहेत हे मोजतात, आणि अपेक्षित शब्द अधिक असले की यंत्राकडे बोट दाखवितात. स्टॅनफर्डमधील संशोधकांनी २०२३ साली अशा सात साधनांपुढे इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत लिहिलेले ९१ निबंध ठेवले असता सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरविण्यात आले. चॅटजीपीटीच्या कर्त्या ओपनएआयने स्वतःचे असे साधन त्याच वर्षीच्या जुलैत, अचूकता पुरेशी नाही म्हणून मागे घेतले. ज्याची वाक्ये ठरावीक साच्याची असतात, किंवा जो व्याकरण सुधारणाऱ्या आज्ञावलीतून प्रत्येक परिच्छेद काढून घेतो, तो या संशयाच्या टप्प्यात सहज येतो. आणि परभाषेत प्रबंध लिहिणारा मराठी विद्यार्थी अध्ययन-अक्षमही असला, तर त्याच्यावर तो दोन बाजूंनी येतो. अशा विद्यार्थ्याने आपल्या मसुद्यांच्या तारीखवार प्रती जपून ठेवाव्या आणि कोणते साधन कशासाठी वापरले याची नोंद मार्गदर्शकांकडे आधीच द्यावी, हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण निरपराध्याने पुरावा बाळगून हिंडावे असाच त्याचा अर्थ होतो. परंतु सांप्रतच्या कारभारात दुसरा उपाय नाही.

आपल्याकडील कायदा या बाबतीत समजला जातो त्यापेक्षा उदार आहे. महाराष्ट्र शासनाने १९९६ सालीच अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती मंजूर केल्या: जादा वेळ, लेखनिक, वर्णलेखनाच्या चुकांची माफी, गणकयंत्राची मुभा. ‘एलडीचा दाखला’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या पालकांच्या बोलण्यात रुळला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमाने मान्य अक्षमतांची संख्या २१ केली, त्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आणि स्वमग्नता यांचा समावेश झाला. अवधानाची अडचण मात्र त्या अनुसूचीत स्वतंत्रपणे नाही. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराच्या दरखास्तीवर निकाल देताना, वाजवी तजवीज मागण्याचा हक्क अक्षमता ४० टक्के असल्याच्या दाखल्यावर अवलंबून नाही, असे स्पष्ट केले. तथापि या सर्व सवलतींची घडण तीन तासांच्या परीक्षेभोवती झालेली आहे. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांनी ४० टक्क्यांहून अधिक अक्षमता असलेल्या संशोधकास मुदतीत दोन वर्षांची वाढ देऊ केली. म्हणजे येथेही दिला तो वेळच. वाचून दाखविणारी आज्ञावली, तक्ता करणारे साधन, कामाचे तुकडे पाडणारे साधन, ही लेखनिकाइतकीच वाजवी तजवीज होय, असे विद्यापीठाच्या दप्तरात नोंदले गेले तर दाखल्याला प्रबंधापुरता अर्थ येईल.

मराठीत संशोधन करणाऱ्यापुढे आणखी एक अडसर आहे, आणि तो मेंदूशी संबंधित नाही. निदानाची सोय आता आहे: हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा डिस्लेक्सियाच्या चाचण्यांचा संच इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि कन्नडमध्ये सिद्ध केला आहे. मराठी वाचून दाखविणारे आवाजही पूर्वीपेक्षा पुष्कळ सुसह्य झाले आहेत. पण यंत्राला वाचावयास द्यायचे काय? गेल्या शतकाच्या अखेरीपासून कितीतरी वर्षे मराठी पुस्तके, नियतकालिके आणि प्रबंध ज्या खासगी फाँटांत जुळविले गेले, त्यांत पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी फाइलच्या पोटात एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठविलेले असते. डोळ्यांनी वाचणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. वाचकयंत्र मात्र अशी पीडीएफ उघडताच निरर्थक रोमन अक्षरे बरळू लागते, आणि शोधयंत्राला तिच्यात एकही मराठी शब्द सापडत नाही. मग पानाचे छायाचित्र समजून अक्षरे नव्याने ओळखावी लागतात, त्यात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, आणि दुरुस्तीचे काम ज्याला वर्णलेखन जमत नाही त्याच्याकडेच येते. देशातील प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात संगणकीय प्रतीत जमा होतात. विद्यापीठाने मराठी प्रबंध स्वीकारताना त्याची युनिकोड प्रत, म्हणजे जिच्यात ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठविलेला असतो अशी प्रत, सक्तीची करावी, एवढे एका ओळीचे परिपत्रक काढण्यास कोणत्याही कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज नाही.